उरलं ते माझ्याकडं

आमच्या उतेकरबाईंच्या समोरून चार मुलं एका रांगेत गेलेली मी अजून पाहिलेली नाहीत. तीन जातात. चौथं बाईंच्या हातात असतं.

आमच्या आळीतल्या मारुतीच्या देवळात दर शनिवारी मुलं प्रसादाला उभी राहतात. पुजारी डब्याचं झाकण उघडतोय तोवर बाई रांगेत शिरतात, तीन मुलं मोजून पुढे सारतात, पुढची तीन घंटेखाली, त्यापुढची तीन पायरीवर. तोंडाने चालूच असतं, "गर्दी झाली रे, फोडा. फोडा." वाटायचे असतात मूठमूठ शेंगदाणे, पण बघणाऱ्याला वाटावं की आता लढाईला तोंड फुटणार. शेवटी एखादं पोर कुठल्याच तिघांत बसत नाही. ते बावरून इकडेतिकडे बघायला लागलं की बाई त्याचं मनगट धरतात आणि म्हणतात, "उरलं ते माझ्याकडं."

बाई महाडात आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होत्या. सगळी नोकरी पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर झाली. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर वाडी सोडून खाली आल्या. का आलात विचारलं तर सांगतात, "वर बाजार लांब पडतो." आता वाडीपासून बाजार काही त्या निवृत्त झाल्यावर लांब गेलेला नव्हता, तो पहिल्यापासून तिथेच होता. पण बाईंचं उत्तर ऐकलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. निदान मला तरी वाटतं.

माझं औषधांचं दुकान आहे, तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी द्यायची, दिवसातून किती वेळा ते खुणा करून सांगायचं, एवढाच माझा वकूब. सिद्धांत वगैरे माझं काम नाही. पण बाईंचे गुडघे दुखतात. महिन्यातून एकदा त्या मलम घ्यायला येतात, नेहमी छोटी ट्यूब. मोठी स्वस्त पडते असं मी दर वेळी सांगतो आणि बाई दर वेळी म्हणतात, "मोठी संपवायला घरात हाय कोण?" मग काउंटरला टेकून उभ्या राहतात आणि माझ्या डोक्यात गोंधळ घालून जातात.

एकदा मी सरळच विचारलं, "बाई, हे तिघातिघांचं काय आहे?"

"तिघांत पोर धावतं," बाई म्हणाल्या. "चौथं आलं की तिसरं बसतं."

"का बसतं?"

"मागं कोणीतरी हाय ना आता. मग कशाला धावेल?"

हे मला जवळजवळ पटलं. म्हणून मी पुढे गेलो, तिथेच फसलो. "मग दोघांची शर्यत तर आणखी चांगली."

"दोघं भांडतात."

"आणि चौघं?"

"दोन-दोनचे गट पडतात. मग धावायचं राहतं आणि कोण कोणाचा ते चालू होतं."

"पाच?"

"पाचांत एक पुढारी होतो."

मला वाटलं आता बाई सापडल्या. "सहा?" मी विचारलं.

"सहा म्हणजे तीन-तीन," बाई माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाल्या. "एवढं तुम्हाला कळायला पायजे होतं, विलासभाऊ." आणि ट्यूब पिशवीत टाकून गेल्या. मी पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी पोटाचं दिलं.

बाईंना गर्दीच आवडत नाही, असा मी त्यातून साधा अर्थ काढला होता. तोही मार्चमध्ये खोटा ठरला. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं लोटतात, माझ्या दुकानासमोरून दिवसभर नुसती डोकी वाहत असतात. त्या गर्दीत बाई सकाळपासून कळशी आणि तांब्या घेऊन फुटपाथवर उभ्या. येईल त्याला पाणी देताहेत, कोणाच्या पोराचं तोंड पुसताहेत, आनंदात आहेत. मी म्हटलं, "बाई, इथे नाही का फोडायची गर्दी?" बाई चिडल्या. "ही काय शर्यत हाय? ही आपली माणसं एका जागी जमलीत. फोडायची कशाला?" म्हणजे हजारो चालतात, चार चालत नाहीत. मी तो विषय त्या दिवसापुरता सोडून दिला.

सगळ्यात चक्रावलो ते माझ्या मुलीच्या, मनवाच्या वाढदिवसाला. घरात मुलं जमली होती, बाईंना अर्थातच बोलावलं होतं. आल्याआल्या त्यांनी मुलं मोजली, फोडली. चार तिघं झाली, एकही मूल शिल्लक राहिलं नाही. बरोब्बर भाग गेला. मला वाटलं बाई खूश होतील, इतका नीट हिशेब त्यांना एरवी कुठे मिळतो. तर बाईंचा चेहरा पडलेला. चारही गट संगीत खुर्चीसाठी जिवाच्या आकांताने धावत होते, जशी बाईंना मुलं धावायला हवी असतात तशीच. बाई मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिल्या, केकही धड खाल्ला नाही आणि डोकं दुखतंय म्हणून लवकर वर गेल्या. बायको म्हणाली, "आपलं काही चुकलं का?" मी म्हटलं, "भाग बरोबर गेला, एवढंच चुकलं." मी ते थट्टेने म्हटलं होतं.

आता मनवाविषयी सांगायला हवं. मनवा तिसरीत आहे आणि तिच्या वर्गात इतकी मुलं आहेत की हजेरी संपेपर्यंत पहिला तास संपतो. या मुलीला कशातही चुरस नव्हती. चित्रकलेत भाग घ्यायची, कागदावर नाव लिहायची आणि कागद परत द्यायची. हिवाळ्यात शाळेच्या क्रीडादिनाला आम्ही दोघं कौतुकाने गेलो. मुलींची भलीमोठी रांग उभी, शिट्टी झाली, सगळ्या सुटल्या. आमची मनवा अर्ध्या वाटेत थांबली, शांतपणे रिबीन सोडली, पुन्हा बांधली आणि उरलेलं अंतर बाजाराला निघाल्यासारखी चालत गेली. घरी येऊन मी विचारलं, "धावली का नाहीस?"

"एवढ्या जणी होत्या ना, बाबा. माझी काय गरज?"

मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मलम काउंटरवर तसंच ठेवलं आणि म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय. संध्याकाळी पाठवा."

बाईंनी तिला आळीतल्या आणखी दोन मुलींबरोबर बांधलं. रोज संध्याकाळी इमारतीमागच्या बोळात या तिघी धावायच्या, दोरीच्या उड्या मारायच्या, पाढे म्हणायच्या, सगळं चुरशीने. पहिल्याच दिवशी मनवा गुडघे फोडून आणि रागाने लाल होऊन घरी आली. "उद्या त्या श्रावणीला सोडणार नाही," म्हणाली. माझी मुलगी कोणाला तरी सोडणार नाही म्हणाली, याचा मला इतका आनंद झाला की जखमेला आयोडीन लावायचं राहिलं. पंधरा दिवसांत ती जेवणसुद्धा शर्यत लावून जेवायला लागली. बायको म्हणाली, आधी ती धावत नव्हती म्हणून आपल्याला झोप नव्हती, आता धावते म्हणून नाही. मी बाईंना विचारलं, हे झालं कसं?

"साठ पोरींत हरलं तर कळत पण नाय आपण हरलो ते," बाई म्हणाल्या. "तिघींत हरलं की कोणाकडून हरलो तिचं तोंड दिसतं. रात्री झोपताना पण दिसतं."

इथपर्यंत बाईंचा कारभार आळीला मान्य होता, थोडा कौतुकाचाही होता. घात झाला तो शिमग्यात.

आमच्या आळीची होळी आणि पलीकडच्या आळीची होळी यांची जुनी चुरस आहे. मोठं लाकूड दिलीपशेठ आपल्या टेम्पोतून दासगावहून आणतात. दिलीपशेठ म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांचं रंगांचं आणि पाइपांचं दुकान आहे. पण खरी इज्जत मुलांनी फिरून गोळा केलेल्या लाकडांवर आणि शेण्यांवर असते. गेली काही वर्षं मुलं ढिली पडली होती. तीसेक मुलं एका ओंडक्याला हात लावून निघायची, त्यातली दोन उचलायची, बाकीची हात लावून चालायची. फोटोत सगळी दिसायची, होळीत लाकूड दिसायचं नाही. दिलीपशेठ बाईंकडे आले. म्हणाले, "बाई, यंदा पोरं तुमच्या ताब्यात. आपली होळी त्यांच्यापेक्षा वर गेली पायजे."

बाईंनी मुलं मोजली. एकतीस. दहा तिघं झाली आणि एक उरला. उरला तो दिलीपशेठचाच नातू, आरव. वय सहा, धावताना चप्पल निघते, म्हणून त्याला कोणी आपल्यात घेत नव्हतं. बाईंनी त्याचं मनगट धरलं. दहा तिघांना सांगितलं, "आपापली रास करा. कोणाची उंच होते बघू. शेवटी सगळ्या राशी मिळून आळीची होळी."

यातलं शेवटचं वाक्य मुलांनी ऐकलंच नाही.

त्या आठवड्यात आळीत काही उभं राहिलं नाही. फळ्या गेल्या, खोकी गेली, कोणाच्या तरी न्हाणीघराचं दुरुस्तीसाठी काढून ठेवलेलं दार गेलं. पुराच्या वेळी दुकानातला माल माळ्यावर चढवायला माझी एक लाकडी शिडी आहे, ती गेली. महाडात माणूस दागिने विसरेल, पुराची शिडी विसरत नाही. ती माझ्याच मुलीने नेली होती, हे मला नंतर कळलं. मुलं गावातून तर आणतच होती, शिवाय एकमेकांच्या राशीतूनही आणत होती. होळीच्या आदल्या दिवशी दासगावचा टेम्पो येऊन उभा राहिला आणि सकाळी रिकामा होता. लाकूड उतरवलं कोणी, असा दिलीपशेठनी आवाज दिला, तेव्हा दहाच्या दहा तिघांनी मान खाली घातली.

होळीच्या संध्याकाळी आळीच्या मधोमध फक्त सावरीचा खांब उभा आणि त्याच्या बुडाशी चार फाटे. राशी मिळवायच्या म्हटल्यावर एकही तिकडी तयार होईना. "आमची आम्ही पेटवणार." रडारड, ढकलाढकली, आयांची मध्यस्थी. शेवटी आळीभर दहा होळ्या पेटल्या. दर दोन दारांमागे एक. पलीकडच्या आळीतली माणसं ढोल घेऊन मुद्दाम बघायला आली आणि फार सभ्यपणे हसून गेली. बोंब मारायची तर नेमकी कोणत्या होळीभोवती, हे आम्हा मोठ्या माणसांना कळेना. मी नैवेद्याची पोळी हातात घेऊन आळीच्या दोन फेऱ्या मारल्या.

बाई मात्र एका होळीकडून दुसरीकडे जवळजवळ पळत होत्या. "बघा, बघा, एक पोर बसलेलं नाय." खरंच नव्हतं. आणि सगळ्यात टोकाला, गटाराच्या कठड्यापाशी, अकरावी होळी होती. दोन झावळ्या, चार शेण्या आणि एक मोडका झाडू. तिच्याभोवती आरव आणि बाई दोघंच बोंब मारत फिरत होते. आरवची चप्पल निघाली होती आणि त्याला त्याचं भान नव्हतं. दिलीपशेठ तिथे येऊन उभे राहिले. नातवाचं तोंड त्यांना दिसलं नाही, होळीची उंची दिसली.

दुसऱ्या दिवशी मंडपात बैठक झाली. दिलीपशेठ वाईट माणूस नाहीत, त्यांनी आवाज चढवला नाही. "बाई, तुमचा मान हाय आम्हाला. पण आम्ही पोरांना एकत्र राहायला शिकवायचं आणि तुम्ही त्यांना फोडायचं, हे चालणार नाय. ह्यापुढं पोरांच्या कशात तुम्ही पडू नका." मी बाईंच्या बाजूने बोलायला उठलो होतो, पण तेवढ्यात कोणीतरी शिडीचं काय झालं विचारलं आणि माझा मुद्दाच हरवला. बाई भांडतील अशी सगळ्यांची तयारी होती. बाई "बरं" म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

पुढच्या शनिवारी मारुतीला गेलो. मुलं सवयीने तिघंतिघं उभी राहिली आणि वाट बघत राहिली. बाई आल्या, हात पदरात गुंडाळून घेतलेला, देवाला नमस्कार केला आणि मुलांकडे न बघता परत फिरल्या. त्यानंतरच्या शनिवारी मुलं पुन्हा झुंडीने उभी होती आणि मागची दोन भिंतीला टेकून जांभया देत होती. वरच्या मजल्यावर बाईंच्या चालण्याचा आवाज आम्हाला नेहमी ऐकू यायचा, तोही कमी झाला. मला फार वाईट वाटलं. बाईंना पेन्शन होती, घर होतं, गुडघ्याला मलम होतं. त्यांच्याकडे नव्हती ती मुलं. तेवढी आळीने दिली होती, ती आळीने काढून घेतली.

मधल्या एका दिवशी त्या खाली आल्या. "विलासभाऊ, वाडीत पालखी हाय. तुमची गाडी येईल का वर?" माझी दुकानाची जुनी व्हॅन आहे. रविवार होता, मनवालाही घेतलं. पोलादपूरला थांबून चहा प्यायलो, घाटाचा रस्ता मध्येच सोडला आणि डोंगराला लागलो. बाई सगळ्या वाटेत चार शब्द बोलल्या असतील, ते सगळे वळणांविषयी.

वाडी शिमग्याचे चार दिवस भरते. मुंबईहून, सुरतेहून माणसं आलेली, दारादारांत गाड्या लावलेल्या. पालखी अंगणात नाचत होती, ढोल वाजत होते. वाडीच्या टोकाला बाईंची शाळा होती. एक खोली, पुढे पडवी, दाराला कुलूप आणि पडवीत शेळ्या. समोरच्या उघड्या जागेत शहरातून आलेली बरीच मुलं पळापळी खेळत होती, म्हणजे दोघं-तिघं पळत होती आणि बाकीची मोबाईल बघत होती. बाईंचा हात पुढे आला. मी बघत होतो. अर्ध्यावरून तो त्यांनी परत घेतला.

एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. ती सुगंधा, बाईंची विद्यार्थिनी, लग्न होऊन डोंबिवलीला असते. बाईंना घरोघरचे लोक चहाला ओढून नेत होते, तेव्हा सुगंधा आमच्यापाशी पडवीत टेकली.

"बाईंच्या हाताखाली होतात?" मी विचारलं.

"हाताखाली काय, शेवटी मी एकटीच होते शाळेत." ती हसली. "आधी तिघं होतो. मी, गणेश आणि दीपक. तेव्हा काय शर्यती व्हायच्या, बाप रे. मग गणेशला त्याचे बाबा मुंबईला घेऊन गेले. मग दीपक सुरतला. मी उरले."

मनवा चुरमुरे खाता खाता थांबली.

"मग शर्यती बंद?"

"तेच ना. सव्वीस जानेवारीला बाई म्हणाल्या, धाव. मी आरामात चालत गेले. कशाला धावू? पहिली पण मीच, शेवटची पण मीच. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, उरलीस ना, मग माझ्या संगती धाव."

"आणि मुद्दाम हरायच्या," मी म्हटलं. असल्या गोष्टी कशा संपतात ते मला माहीत आहे.

"कुठलं काय. एकदम पुढं. जराही सोडायच्या नाय. दोन वर्षं माझा दुसरा नंबर आला. एकटीची शाळा आणि दुसरा नंबर. एकदा तपासणीला साहेब आलेले, त्यांनी विचारलं, मग पहिलं कोण? तर बाईंनी स्वतःच हात वर केला." सुगंधाने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी रोज पहाटे उठून उतारावर पळायची प्रॅक्टिस करायचे. चौथीच्या शेवटी मी पुढं गेले. बाई त्या दिवशी खूप रडल्या. हरल्या म्हणून, का मी गेल्यावर शाळा बंद होणार होती म्हणून, ते मला अजून कळलं नाय."

मलाही कळलं नाही. मी नुसता शेळ्यांकडे बघत बसलो.

उतरताना पोलादपूर जवळ आल्यावर बाई आपणहून बोलल्या. "तिघं असली की फार चांगलं हो, विलासभाऊ. तिघं आपली आपली धावतात, त्यांना बाई लागत नाय. उरलेल्याला कोणीतरी लागतं." मग खिडकीची काच वर केली. मनवा मागे झोपली आहे असं मला वाटलं. मनवाच्या वाढदिवसाला भाग बरोब्बर गेला होता आणि बाईंनी केक का खाल्ला नव्हता, ते मला गाडी चालवता चालवता थोडंसं उमगलं.

पाडव्याला दिलीपशेठनी आळीत शर्यत ठेवली. होळीची भरपाई म्हणून सगळी मुलं एकत्र, एका रांगेत, मारुतीपासून कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत. गुढ्या उभ्या होत्या, सगळे नवे कपडे घालून दारात आलेले. एक मुलगा तापाने घरी होता, त्याचं औषध मीच सकाळी दिलं होतं. म्हणजे रांगेत तीस. बाई खाली आल्या नव्हत्या. त्यांच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता.

दिलीपशेठनी शिट्टी तोंडात धरली. मनवा रांगेत बरोबर मधे होती. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि रांगेतून बाहेर पडून आमच्या इमारतीत शिरली. झालं, पुन्हा तेच, माझी काय गरज. इतक्या महिन्यांची मेहनत गेली. शिट्टी झाली, मुलं सुटली, आणि मी शर्यतीकडे पाठ करून रागाने तिच्या मागे जिना चढलो.

ती आमच्या दाराशी थांबली नव्हती. वरच्या मजल्यावर गेली होती. बाईंचं दार उघडं होतं आणि मनवा उंबऱ्यात उभी होती.

"बाई, मी उरले," ती म्हणाली.

बाई गॅसपाशी होत्या. त्यांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं, मग तिच्यामागे धापा टाकणाऱ्या माझ्याकडे. "किती होती पोरं?"

"माझ्यासकट तीस."

मी औषधवाला आहे, पण एवढा भाग मलाही घालता येतो. तिनाने तिसाला भाग घातला तर कोणी उरत नाही. आणि बाई म्हणजे उभ्या जन्मात मुलाने एवढं चुकवलं असतं तर त्याला पाटीवर दहा वेळा लिहायला लावणाऱ्या. त्यांनी गॅस बंद केला. हात पदराला पुसले.

"तीस," बाई म्हणाल्या. "बरोबर हाय गो. तिसात एक उरतोच."

आणि त्यांनी पदर खोचला.

मागच्या बोळात मी रुमाल हलवला. बाई पुढे, मनवा मागे, मग बरोबरीने, मग बाई पुन्हा पुढे. भिंतीला पहिला हात बाईंचा लागला. मनवाने शेवटी पाय खरंच कमी उचलले, की बाई खरंच तेवढ्या पळाल्या, ते मला दिसलं नाही, कारण मला तेव्हा धड काहीच दिसत नव्हतं. मी रडत होतो आणि कशासाठी ते मला सांगता आलं नसतं. बोळाच्या तोंडाशी दिलीपशेठ आले होते, आरव त्यांचा हात सोडवून घेऊन "मी पण उरलोय" म्हणत बाईंकडे धावला. त्याची चप्पल निघाली. दिलीपशेठनी वाकून चप्पल उचलली आणि गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

मनवा आळीभर सांगत फिरली की माझा दुसरा नंबर आला. कितीजणांत, असं कोणी विचारलं तर न लाजता सांगायची, "दोघांत."

संध्याकाळी बाई लंगडत दुकानात आल्या. मी सवयीने छोटी ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. बाईंनी ती माझ्याकडे परत सरकवली.

"मोठी द्या," म्हणाल्या. "उद्या परत हाय."